खिडकीकडची टिक

माझी धाकटी नणंद गाण्यांच्या तबकड्यांच्या कारखान्यात ऐकण्याचं काम करते, एकतीस वर्षं झाली. नव्या साच्यातून पहिली तबकडी निघाली की तिच्याकडे येते. ती डोळे मिटून सगळी ऐकते आणि पाकिटावर पास किंवा नापास लिहून सही करते. त्या सहीशिवाय पुढच्या तबकड्या निघत नाहीत. टाचणी पडली तरी हिला ऐकू जातं, म्हणून कारखान्यात तिला टाचणीच म्हणतात. हे गेल्यापासून ती माझ्याकडे राहते, आणि आता मीही तिला तेच म्हणते.

माझ्या वहीत चौदा मार्चच्या पानावर नोंद आहे: 'टाचणी जेवली नाही.' त्या दिवशी तिने एका रेकॉर्डमधली घरघर दोष समजून साचा मोडीत काढायला लावला. ती घरघर गाणं रचणाऱ्यानेच हौसेने घातली होती. फोरमन म्हणाला, "बाई, पुन्हा असं झालं तर तुम्ही पॅकिंगला." पॅकिंग म्हणजे दिवसभर खोकी चिकटवायची. पलीकडच्या खोलीतला नळ ठिबकतोय हे जिला जेवता जेवता कळतं, तिने खोकी चिकटवायची!

परवा कारखान्यातल्या तिच्या खोलीचं रंगकाम निघालं, म्हणून ती चाचणीची तबकडी घरी घेऊन आली. पास की नापास ते दोन वाजेपर्यंत फोन करून सांगायचं होतं. तिकडे तबकड्या काढायचं यंत्र तापवून ठेवलं होतं. साडेबाराला तिने सुई टेकवली आणि डोळे मिटले. सगळं टिपून ठेवायची शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय, मी वही आणि घड्याळ घेऊन समोर बसले.

आधी आमच्या शाळेच्या चॅपेलमधल्या ऑर्गनसारखे सूर आले. त्यांच्या पोटात नाचाचा ठोका शिरला, मग शिवणयंत्र चालावं तशी खडखड, आणि त्यावर एका बाईचा उलटा फिरवलेला आवाज.

"अगं, आधी आमच्या शाळेचा ऑर्गन, आणि आता हिचं काय दुखतंय?" मी विचारलं.

"वहिनी, गप्प बसा ना."

दुसऱ्या बाजूला सगळं शांत होत गेलं आणि टिक, टिक सुरू झाली. टाचणीचा चेहरा उतरला. तिने सुई उचलली, मागे टेकवली, पुन्हा ऐकलं. तीनदा.

"काय झालं?"

"साच्यावर कण असला तर तबकडीच्या प्रत्येक फेरीला एकदा टिक येते. इथे तशीच येतेय. पण हे गाणं रचणाऱ्या माणसाने जुनी चरे पडलेली तबकडी वाजवून तिचीच खरखर गाण्यात घातली असेल, तर तीही साधारण तशीच येणार."

"मूळ रेकॉर्डिंग ऐकून बघ की."

"मूळ कुणाला देतात? चोरी होते म्हणून कुलपात." तिने घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. "पास म्हटलं आणि कण निघाला, तर हजार तबकड्या वाया. नापास म्हटलं आणि साचा साफ निघाला, तर मार्चसारखंच."

"मग डोळे उघडून बघ तरी."

"डोळे उघडले की माझे कान झोपतात. तुम्हाला माहीत आहे."

तिने पुन्हा सुई ठेवली. माझे डोळे उघडेच होते. तबकडीच्या मधल्या कागदावर तिने पेन्सिलीने चाचणीचा आकडा लिहिला होता, तो गरगर फिरत होता. टिक झाली की आकडा कुणीकडे आहे ते मी लिहीत गेले, रिकामे हात मला जमत नाहीत म्हणून. खिडकी. कपाट. खिडकी. दार. खिडकी. भिंत.

पान भरलं तेव्हा माझाच हात थांबला.

"टाचणे, टिका दोन आहेत. एक जाडसर आहे, ती कपाट, दार, भिंत अशी हिंडतेय. एक बारीक आहे, ती दर वेळी खिडकीकडेच."

तिने खाडकन डोळे उघडले. वही हिसकावून घेतली. "पुन्हा लावते, तुम्ही बोलू नका." या वेळी तिने आकड्यावरची नजर हलवली नाही. खिडकी. खिडकी. खिडकी.

"हिंडणारी त्याची," ती हळूच म्हणाली. "खिडकीची आपली. साच्यावरचा कण जागा सोडत नाही." आणि फोनकडे गेली.

दोनला सात मिनिटं कमी होती. फोरमनचा आवाज मला पलंगापर्यंत ऐकू आला. "बाई, विचार करून बोला. साचा उतरवला आणि साफ निघाला तर?"

"तर उद्यापासून खोकी चिकटवीन. उतरवा."

पस्तीस मिनिटं फोन वाजला नाही. मी पोळ्या गरम केल्या, त्या गार झाल्या. ती टेबलक्लॉथचे दोरे ओढत बसली होती. माझ्या वहीवर तिची नोकरी अडकली होती, आणि मला तर चष्म्याशिवाय धड दिसत नाही.

दोन अठ्ठावीसला फोन आला. ती नुसतं "हं" म्हणाली. मग "हं, ठेवते."

"काय?"

"खसखशीएवढा कण. घासून निघेल म्हणतात." ती खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही गार पोळ्या खाल्ल्या. हात धुऊन आली, तबकडीची पहिली बाजू वर केली आणि सुई हातात धरून थांबली.

"वहिनी, तो तुमच्या शाळेचा ऑर्गन कुठे आला म्हणालात? मी ऐकलाच नाही."

मी वही उघडली. "अगदी सुरुवातीला. बस."