चिखलातली कुबडी

‘सहज सुचण्याजोगं.’ हे शब्द वाचले आणि हातातला पाना मी असा फेकला, की शेजारचा टायरवाला उठून बाहेर आला. अमडापुरातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात तीन पावसाळे मी त्या कुबडीच्या तळव्यापायी घालवले होते. आणि पेटंटच्या अर्जावर तिथल्या ऑफिसातल्या साहेबांचा निकाल काय, तर या कामातल्या कोणाही जाणकाराला हे सहज सुचलं असतं!

कुबडी माझ्या मोठ्या बहिणीची. तिला लहानपणी पोलिओ झालेला. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात कुबडी रुतते. खाली पसरट चकती लावली तर रुतत नाही, पण उचलताना चिखल ती ओढून धरतो आणि माणूस तोंडावर पडतो. मी बसवलेला तळवा टेकवला की पसरतो, उचलला की मिटतो. साहेबांनी कुठूनतरी एक चकतीवाली कुबडी शोधली, एक मिटणारी छत्री शोधली, आणि म्हणाले, दोन्ही जोडलं की झालं! अरे, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय लागतं?

माझ्या वकिलाने हायकोर्टात अपील केलं. सुनावणी कॉम्प्युटरवर होती. मलकापूरला वकिलाच्या ऑफिसात मी आणि बहीण शेजारी शेजारी बसलो. न्यायाधीशांनी थेट मलाच विचारलं, "यात तुम्ही नवीन काय केलं?"

आता आमच्याकडची रीत अशी, की कोणी कामाचं विचारलं तर मान खाली घालायची. आपल्याच तोंडाने आपली बढाई कोण मारतं? तोंडातून निघूनच गेलं, "काही नाही जी, थोडंसं जुगाड. कोणीबी केलं असतं."

वकिलाने कपाळावर हात मारला. समोरचा सरकारी वकील तर खुललाच. "बघा, हे स्वतःच कबूल करताहेत!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याचा राग होताच, पण त्याहून जास्त माझ्या जळल्या जिभेचा.

तेवढ्यात बहिणीने मला कोपराने बाजूला सारलं. "साहेब, कोणालेबी सुचलं असतं, तर मंग मले चाळीस वर्सं चिखलात काऊन पडू देल्लं?"

न्यायाधीश सरकारी वकिलाला म्हणाले, "याचं उत्तर द्या." तो कागद चाळत राहिला. जुना निकाल रद्द झाला, अर्ज नव्याने तपासायला परत गेला. आमच्या वकिलाने पेढे मागवले.

परतताना जीपमध्ये बहीण खुशीत होती. मी धुमसत होतो, आणि आता साहेबांवर नाही. कायद्याला हवा असलेला तो जाणकार माणूस तर तिच्या घरातच होता. लोखंड कापणारा, जोडणारा, तिचा सख्खा भाऊ. इतकी वर्षं ती पडायची, मी धावत जाऊन तिला उचलायचो, आणि वर तिलाच रागवायचो, "पाहून चाल ना वं!"