अमडापूरच्या हवेतलं विमान

माझ्या सासऱ्यांचं नाव उकंडराव. त्यांच्याआधीची दोन लेकरं दगावली, म्हणून हे जन्मले तसे मोठ्या बायांनी त्यांना नेऊन उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं आणि कुणाचं तरी टाकलेलं पोर उचलावं तसं परत घरी आणलं. नावही तेच ठेवलं, म्हणजे नजर लागायला नको. नजर लागली नाही. उकंड्यावरचं पोर हवाई दलात गेलं, लढाऊ विमानांच्या इंजिनांवर उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि पेन्शन घेऊन अमडापूरला परत आलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे वैमानिक होते असंच मला वाटत होतं. माहेरी, वडनेर भोलजीला, आईनं सगळ्या आळीत तसं सांगूनही टाकलं होतं. मामाजींनी, आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात, पहिल्याच आठवड्यात माझा भ्रम दूर केला. "मी उडवत नव्हतो, पूनम. मी उडू देत होतो." हे सांगताना ते इतके ताठ बसले होते की हसावं की पाया पडावं, मला कळेना.

ज्या विमानाचं काळीज त्यांनी किती वेळा उघडून पाहिलं, त्यात बसून ते एकदाही जमिनीवरून सुटले नाहीत. विमान एकाच माणसाचं, दुसऱ्याला जागाच नाही. विमान निघायच्या आधी शेवटची नजर मामाजींची. सगळं ठीक असलं की ते बाजूला सरकायचे आणि अंगठा वर करायचे. मग विमान जायचं आणि मामाजी रिकाम्या आभाळाकडे बघत उभे राहायचे. इतकी वर्षं झाली, पण उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर पडले की अजूनही त्यांची नजर वरच असते. घार दिसली तरी मान तिच्यामागे फिरते.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलेलं, मधलं तेवढं शिल्लक, तेही आवळत जाणार. थेंब टाकत राहायचे, पण गेलेलं परत येत नाही. मामाजींनी ऐकून घेतलं. तेव्हापासून शेजारी ठेवलेला पाण्याचा पेला ते हातानं चाचपून घेतात. डोळ्यांचं नाव काढलं की उठून जातात. माझा नवरा गणेश म्हणतो, "बाबाले छेडू नको." मी छेडत नाही, पण पेला समोर सरकवून ठेवते.

आमच्या घराला लागून मेहबूबभाईंचं टिनाचं शेड आहे. ते वेल्डिंग करतात. अर्ध्या गावाची फाटकं त्यांच्या हातची, आणि त्यांच्या स्वतःच्या मोरीच्या दाराला कडी नाही, असं त्यांची बायको नसीमाभाभी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते. लहानपणी मेहबूबभाई मामाजींच्या बाजेशी बसून विमानांच्या गोष्टी ऐकत मोठे झाले. ते वेड गेलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी एक तगडा कॉम्प्युटर घेतला, शेडच्या कोपऱ्यात जुना मोठा टीव्ही टांगला, ट्रॅक्टरच्या सीटची खुर्ची बनवली, फवारणीच्या पंपाच्या दांड्याला तारा जोडून विमानाचा दांडा केला आणि उडायला लागले. घरबसल्या विमान चालवायचा तो प्रोग्राम. त्यात कुठली कुठली विमानं येतात. एक दिवस त्यात मामाजींचं विमान आलं.

त्या दिवशी मेहबूबभाई तसेच, हातमोजे घातलेले, आमच्या अंगणात आले. "काका, तुमचं विमान आलं. चला, बसा."

मामाजी बाजेवरून उठले, शेडात गेले, पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे खेळणं हाय."

"खेळणं नाही काका. बनवनारे म्हणते का सगळं अस्सल हाये."

"म्हणनारे काहीबी म्हणते. बुकाशी जुळवून दाखव, मंग बसतो."

बूक म्हणजे विमानाचं पुस्तक, वैमानिकांसाठीचं. किती वजनाला किती धावायचं, कुठं उचलायचं, किती वेळात किती उंच जायचं, सगळं त्यात. हवाई दलात मामाजींचा एकच धर्म होता, बुकात नाही ते हातानं करायचं नाही. मेहबूबभाईंनी कुठल्याशा देशाच्या हवाई दलानं सगळ्यांसाठी खुलं केलेलं जुनं पुस्तक इंटरनेटवर शोधलं आणि चिखलीला जाऊन त्याच्या प्रती काढून बांधून आणल्या. त्या माणसाला काकांना एकदा वर न्यायचं होतं, डोळे आहेत तोवर. हे न सांगताच कळत होतं.

मग आमची दुपारची परीक्षा सुरू झाली. मे महिना, दुपारी लोखंडाला हात लावला तर चटका बसेल असं ऊन, त्यामुळे शेडातलं काम थांबलेलं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि पडद्यावर आमचंच गाव. मेहबूबभाईंनी ते हौसेनं बनवलं होतं. देवीची टेकडी, तिच्या पायथ्याची घरं, नांगरून पडलेली काळी वावरं, आणि त्यातून या गावानं कधी न पाहिलेली लांबलचक धावपट्टी. पडद्याच्या आतही बाहेरचाच वारा, बाहेरचंच ऊन येई, तशी सोय होती. कधी कधी मला कळायचं नाही की मी शेडात बसून गाव बघतेय, की कुठूनतरी लांबून, वरून, मला मीच दिसतेय.

मेहबूबभाई सीटवर, मामाजी मागे स्टुलावर पुस्तक आणि भिंग घेऊन, आणि मी मोबाईलवर वेळ लावायला. ते काम नसीमाभाभीचं होतं, पण तिच्या गच्चीवर कुरडया होत्या. प्रत्येक वेळी इंधन सारखं, वजन सारखं, इंजिन पूर्ण जोरात. फाटक बसवताना मेहबूबभाई ओळंबा धरतात तसंच चालायचं, घाई नाही. मामाजी म्हणायचे, "सोड." विमान धावायचं. पुस्तकात जिथं उचलायला पाहिजे ती जागा यायची आणि निघून जायची, आणि विमान आपलं जमिनीवरच. बरंच पुढं जाऊन उचललं, तरी चढायला सुस्त.

"पुन्हा," मामाजी म्हणायचे.

पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मेहबूबभाईंनी इंधन तपासलं, वजन तपासलं, दांड्याच्या तारा तपासल्या. बनवणाऱ्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की आमचं बरोबर आहे, तुमचंच काही चुकत असेल. मेहबूबभाईंना ते फार लागलं. नसीमाभाभी म्हणाली, "आता तरी कडी लावून द्या." त्यांनी खरंच लावून दिली, इतके ते खचले होते.

एका दुपारी मामाजींनी पुस्तक मिटलं. "मरगळेल हाय हे विमान. आमचं असं नव्हतं. मी उद्यापासून येत नाही."

मेहबूबभाईंनी दांडा सोडून दिला. पडद्यावर विमान वावरांवरून एकटंच चाललं होतं.

घरी आल्यावर मी भडकले. मला राग आला की गिळता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. "तो माणूस तुमच्यासाठी उन्हातान्हात चिखलीला जाऊन आला, मामाजी. जुळत नाही तर पुन्हा बघू. तोंड फिरवून काऊन आले?"

मामाजी बाजेवर बसले. पेला मी समोरच ठेवला होता, तरी त्यांनी चाचपला.

"पट्टी हालते, पूनम," ते म्हणाले.

"कोणती पट्टी?"

"धावपट्टी. दूरच्या टोकाले पाणी असल्यासारखी हालते. पह्यल्या दिवसापासून. मधलं तेवढं धड होतं, आता तेबी चाललं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "बुकाशी जुळेल, न जुळेल. जुळून मी बसलो आन् मले काही दिसलंच नाही तर? त्यापरीस विमान खोटं बरं."

इतके दिवस हा माणूस आमच्या मागे स्टुलावर बसून भिंगाआड आपली भीती झाकत होता आणि मला वाटत होतं हे हट्टीपणा करतात. मग एकदम मला आठवलं आणि मी म्हणाले, "मामाजी, ती मलाही हलताना दिसते."

त्यांनी मान वर केली.

"शपथेवर सांगते. टोकाला पाणी चमकल्यासारखं दिसतं. मला वाटलं टीव्ही जुना आहे."

त्यांचा हात धरून मी त्यांना तसंच शेडात घेऊन गेले. मेहबूबभाई कॉम्प्युटर बंदच करत होते. मी म्हटलं, "मेहबूबभाई, खरं सांगा, ही पट्टी हलते का?"

"हाव न वहिनी. हालनारच. मृगजळ हाय ते. बाहेर रोडवर दिसते तसं. मी आतमंधी आपल्याच गावची हवा लावून ठेवली हाय, आज बाहेर जेवढं ऊन..." आणि ते थांबले.

मामाजी स्टुलावर बसले. "किती ऊन हाय बाहेर?"

"बेचाळीस असन."

"बूक दे."

मेहबूबभाईंनी पान काढलं, मामाजींनी आलेखाच्या कोपऱ्यावर भिंग धरलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं. समुद्रसपाटी. पंधरा अंश. रोज दुपारी आम्ही तिघं त्या पानावर वाकत होतो आणि कुणाचीही नजर त्या कोपऱ्यात गेली नव्हती. जाईल कशी? मे महिन्यात अमडापुरात बसून पंधरा अंश कुणाच्या मनात येतात? पुस्तक लिहिणाऱ्यांनी गारठ्यातला दिवस धरला होता आणि मेहबूबभाईंनी त्या बिचाऱ्या विमानाला घाटावरच्या आमच्या भर उन्हात पळवलं होतं.

मामाजी हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. "काखेत कळसा आन् गावाले वळसा. अबे मेहबूब, हवा तापली का पातळ होते. इंजिनाच्या पोटात कमी जाते, पंखालेबी धरासाठी काही राहत नाही. वाळवंटातल्या तळावर आम्ही मे महिन्यात विमानं सकाळी सकाळीच सोडत होतो. मले नाही आठवलं तर कोनाले आठवन?"

मेहबूबभाईंनी थंड समुद्रकाठची एक धावपट्टी लावली, पंधरा अंश. पट्टी स्थिर झाली. मामाजी म्हणाले, "सोड," आणि विमान धावलं, आणि पुस्तकात लिहिलं होतं तिथंच त्याची चाकं सुटली. मी वेळ सांगितली. चढाईचीही जुळली. मग मामाजींनी पुस्तकाच्या मागच्या भागातला तापलेल्या हवेचा आलेख शोधून काढला. आमच्या सगळ्या फसलेल्या दुपारी त्या रेघेवर नीट येऊन बसल्या. विमान पहिल्या दिवसापासून खरं होतं.

"आता बसता का, काका?" मेहबूबभाईंनी विचारलं.

मामाजी उठून घरी गेले. मला वाटलं पुन्हा काहीतरी बिनसलं. ते दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. नसीमाभाभी गच्चीवरून खाली उतरून दाराशी येऊन उभी राहिली. ट्रॅक्टरच्या त्या सीटवर बसताना मामाजींनी आधी सीटला हात लावून तो कपाळाला लावला.

"थंडीच राहू देतो," मेहबूबभाई म्हणाले. "चांगलं उचलन."

"नाही. आपली हवा लाव. सुस्त असन तर असो. मले माहा गाव पाहाचा हाय."

पडद्यावर पुन्हा अमडापूर आलं. ऊन, टेकडी, काळी वावरं, आणि टोकाला हलणारी पट्टी. मामाजी त्या हलण्याकडे आता मजेत बघत होते. मेहबूबभाईंनी इंजिन सुरू केलं. शेडाचे टिन थरथरले. काय करायचं ते मेहबूबभाई शेजारी उभे राहून सांगत होते, पण मामाजींना फारसं सांगावं लागत नव्हतं.

"सोडा आता, काका."

"थांब," मामाजी म्हणाले.

विमानाच्या पुढे, जरा बाजूला, एक छोटा माणूस उभा होता. जमिनीवरचा. मेहबूबभाईंनी तो हौसेनं ठेवला होता आणि मग विसरून गेले होते, मीही त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मामाजींनी नळीतून बघावं तशी मान वळवून त्याला उरलेल्या नजरेच्या मधोमध आणलं.

"इतकी वर्षं मी तिथं उभा होतो," ते म्हणाले. "त्याच्याकडे पाह्यल्याबिगर जाचं नसते."

त्यांनी उजवा हात दांड्यावरून काढला आणि अंगठा वर केला.

पडद्यावरचा माणूस हलला नाही. त्याला हलायला कुणी शिकवलंच नव्हतं. मामाजी अंगठा धरून तसेच वाट बघत राहिले, आणि मला ते बघवेना. मी मोबाईल ठेवला, टीव्हीच्या बाजूला, त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मामाजींना मी दिसावी म्हणून जरा मध्ये सरकले आणि माझा अंगठा वर केला.

मामाजींनी मान हलवली. मग मी बाजूला झाले, आणि माझे सासरे निघाले.