हेआलानी आंटींनी न पाहिलेलं पत्रक

हवाई बेटांवरच्या केकाहा गावातल्या हेआलानी आंटींचं वय ब्याऐंशी, दात सहा आणि मतं अगणित. आमच्या सरकारी कचेरीचं कुठलंही हवाईयन भाषेतलं पत्रक त्यांच्या ओसरीवरून गेल्याशिवाय छापायचं नाही, असा रिवाज होता. मी ती भाषा कॉलेजात शिकलेला कारकून. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी सुका मासा सोलत ऐकायचं.

"तुझी भाषा इस्त्रीची आहे रे बाळा. घातली की बसता येत नाही."

एका पत्रकाला दोन दिवस लागत, कारण प्रत्येक वाक्यानंतर मासा आणि माझ्या लग्नाची चौकशी.

सुनामीच्या पत्रकाच्या वेळी माझ्याकडे दोन तास होते. भाषांतर संगणकाकडून करून घेतलं आणि खाली नेहमीप्रमाणे छापलं : 'तपासणी – हेआलानी काआवा'.

पत्रक घरोघर पोचलं. 'इशारा होताच उत्तरेला पळा, मग डावीकडे वळा.' आमच्या गावात दिशा दोनच, डोंगराकडे आणि समुद्राकडे. रविवारी चर्चच्या पायरीवर गावातल्या केआवे अंकलनी आंटींना गाठलं.

"काय गं, डोंगर कुठं आहे तेही विसरलीस? आणि डावीकडे म्हणजे कुणाच्या? माझ्या की लाटेच्या?"

सगळे खो खो हसले. आंटी म्हणाल्या, "डोळे गेले रे माझे."

डोळे! वीस पावलांवरून माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण हेरणारे डोळे. मी खांबाआड उभा होतो, आणि तिथंच राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मासा पुढे केला नाही.

"माझं नाव का नाही सांगितलंत, आंटी?"

"सांगितलं असतं तर कचेरीचा कागद पुन्हा कुणी हातात धरला नसता. मला काय, चार दिवस हसतील. पण उद्या लाट आली आणि कुणी डावं-उजवं करत उभं राहिलं, तर? जा. घरोघरी जाऊन पत्रकं परत घे. चूक कुणाची तेही सांग."

कचेरीत साहेबांना सांगितलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि निघालो. दहा घरांत दहा वेळा तेच वाक्य बोललो. ते एकदाही सोपं गेलं नाही. अकरावं घर केआवे अंकलचं.

"म्हणजे तिनं हे पाहिलंच नव्हतं?"

"नाही, अंकल."

हातातल्या पत्रकाची त्यांनी चार वेळा घडी घातली, पण ते मला दिलं नाही.

"चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर हसलो मी तिला," ते म्हणाले. "आता तिच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ, सांग."

मी त्यांच्या शेजारी, त्यांच्याच घराच्या पायरीवर बसलो. अजून बरीच घरं उरली होती.