फाटलेल्या मांसाचे तामाल

येकापिश्त्ला गावाच्या बाजारात फिदेन्सिओचा सुरा सगळ्यांना ठाऊक होता. बैलाच्या मांडीचा गोळा पुढ्यात घ्यायचा आणि कडेपासून सुरा फिरवत त्याची अखंड चादर उलगडायची, एकही भोक न पाडता. मग मीठ, थोडं ऊन, वरून चरबीचा हात. अशी त्याची सेसिना दांडीवर टांगली की पलीकडच्या माणसाची सावली तिच्यातून दिसायची. त्याची बायको ओब्दुलिया मीठ लावायची, गिऱ्हाइकं सांभाळायची. सुऱ्याला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. तो बापाकडून मुलाकडे जायचा, आणि या दोघांना मूलबाळ नव्हतं.

साठीला टेकला आणि फिदेन्सिओच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. हात सुधारेल म्हणून ओब्दुलियाने काही आठवडे वाट पाहिली. मग एका सकाळी तिनेच सुरा पाजळला आणि गोळ्याला लावला.

मांस फाटलं. दुसऱ्या दिवशीही फाटलं. दांडीवर नुसती लक्तरं लोंबायला लागली.

नणंद ब्रिखिदा शेजारीच कणसाची वाळकी पानं विकायची. ती भर बाजारात म्हणाली, "वहिनी, सेसिना टांगलीस की पायपुसणी?"

"पुसा की मग पाय, वन्सं!"

उत्तर दिलं खरं. पण घरी जाताना तिने पाटीवर फडकं टाकलं होतं. नवऱ्याच्या नजरेला ती लक्तरं पडू नयेत एवढंच तिला हवं होतं.

टाकून देववेना. मग तिने ती तव्यावर खरपूस भाजली, तोडून बारीक केली, आंबट हिरव्या टोमॅटोत आणि मिरचीत शिजवली. मक्याच्या पिठात चरबी फेटून घातली, पानांवर पीठ थापलं, मध्ये मांस भरलं, पुड्या बांधून वाफवल्या. सकाळी तामालची हंडी गाळ्यावर गेली. पहिल्याच हमालाने घास थुंकला.

"मावशे, समुद्र भरलायस काय आत?"

संध्याकाळी हंडी जवळजवळ तशीच परत आली. ओब्दुलिया चुलीपाशी बसून राहिली. खुर्चीतून फिदेन्सिओने डावा हात पुढे केला, तेव्हा नाही म्हणायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने पान सोलून एक तामाल त्याच्या हातावर ठेवला.

त्याने सावकाश चावला. तोंड वेडंवाकडं झालं.

"पाणी," तो म्हणाला.

तिने धावत पेला आणला. त्याने तो बाजूला सारला आणि तामालातल्या मांसावर बोट ठेवलं.

"याला... पाणी. भाजायच्या आधी... भिजव."

मग मांसाची एक फाटकी कड त्याने बोटांत धरून उजेडात नेली.

"कापलं कुणी?"

"मी, अहो. दुसरं कोण आहे?"

ती शिव्यांची वाट पाहत होती.

"दाबतेस फार," तो म्हणाला. "सुरा... आपला आपण जातो."

दुसऱ्या दिवसापासून त्याने आपली खुर्ची गाळ्यावर न्यायला लावली, तिच्या अगदी समोर. ती कापायची, तो गुरगुरायचा. "मनगट!" "घाई नको!" कधी ती चिडून सुरा आपटायची. "मग तुम्हीच कापा!" त्यावर तो ओठाच्या एका कोपऱ्यातून हसायचा. भिजवलेल्या मांसाचे तामाल दुपारच्या आत संपायला लागले. तोच हमाल रोज दोन घेऊ लागला, तेही उधारीची भाषा न करता.

पुढे तिचा हात बसला. पहिली अखंड चादर दांडीवर चढली, त्या दिवशी फिदेन्सिओ ती नुसती पाहत राहिला. पण गिऱ्हाईक तामाल मागत होतं आणि लक्तरं तर उरली नव्हती. ओब्दुलियाने चादर उतरवून टराटरा फाडली.

"बाई आहेस की कसाई?" तो ओरडला. त्या वर्षात त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ वाक्य आलं नव्हतं.

असा चार वर्षं संसार झाला. मग फिदेन्सिओ एका दुपारी खुर्चीतच गेला.

दिवस झाल्यावर ब्रिखिदा नव्या पानांची जुडी घेऊन घरी आली. दोघी अंगणात बसल्या. ओब्दुलिया म्हणाली, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, वन्सं. कापताना ते भिंतीकडे तोंड करून उभे असायचे. मी त्यांची पाठ पाहत मीठ लावायची. तोंड दिसलं ते या चार वर्षांत. असं म्हणू नये, पण..."

एरवी कुठंही टोमणा सोडणारी ब्रिखिदा उठली. तिने जुडी उचलली आणि उद्याच्या तामालसाठी पानं भिजत घालायला आत गेली.