टोपीच्या गाण्याचा सहीवाला कागद

हिंगोलीची छावणी उठली तेव्हा गोऱ्या साहेबांनी जाता जाता बरंच सामान विकून टाकलं. त्यात इंग्रजी विनोदी गाण्यांचे छापील कागद होते. वर गमतीचं चित्र, आत सुरांचे टिपके. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या खाजा मियाला पुढं हे कागद जमवायचा नाद लागला, तेही गाणाऱ्यानं स्वतः सही केलेलेच. छापलेला कागद कुणाकडंही असतो, सहीवाला त्या गवयाच्या हातातून आलेला असतो, असं तो बायकोला, अमीरबीला सांगायचा. तो सराव करायचा तेव्हा ती शेजारी बसून पानं उलटायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण टिपका चढला की सूर चढतो, हे तिला कळून गेलं होतं.

एक कागद मात्र त्याला मिळाला नाही. तो आखाडा बाळापूरच्या किसनसिंगकडं होता. किसनसिंग तरुणपणी छावणीच्या बँडात होता. विलायतेहून आलेल्या एका गवयाला त्यानं साथ केली, आणि त्या गवयानं खूश होऊन आपल्या गाण्यावर सही करून दिली. वाऱ्यानं उडालेल्या टोपीमागं धावणाऱ्या लठ्ठ माणसाचं गाणं होतं ते. खाजा मियानं कितीदा मागितलं, पण किसनसिंग ते विकायला तयार झाला नाही.

चव्वेचाळीस साली खाजा मिया तापानं गेला. वर्ष सरल्यावर अमीरबी त्याच बँडात वाजवणाऱ्या दीर फारुकला घेऊन तो कागद विकत मागायला बाळापूरला गेली. किसनसिंगचे डोळे अधू झाले होते, दात पडले होते. त्याचं स्वतःचं वाजवणं कधीच सुटलं होतं.

"विकायचं न्हाई," तो म्हणाला. "वाजवून दाखव अन् घेऊन जा."

तिला वाटेला लावायलाच तो तसं बोलला होता. अमीरबीनं ते मनावर घेतलं.

घरी येऊन तिनं नवऱ्याची क्लॅरिनेट काढली आणि फारुकला शिकवायला सांगितलं. बायामाणसानं फुंकायचं वाद्य नव्हे ते, असं तो म्हणाला. मग तू शिकवू नकोस, मी ऐकून शिकते, असं तिनं सांगितल्यावर तो शिकवायला बसला. सुरुवातीला नुसती हवा निघायची. ओठ सोलून निघाले. गल्लीतल्या बाया हसल्या, नातेवाइकांनी येणं कमी केलं. तिनं सोडलं नाही. घरातले कागद एकेक करून तिनं वाजवून काढले.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ती परत बाळापूरला गेली. किसनसिंगनं कागद समोर ठेवला. तिनं एकही सूर न चुकवता गाणं वाजवलं.

"सूर बराबर हाय," म्हातारा म्हणाला. "पन हे हसायचं गानं हाय. तू मयतीत वाजवल्यावानी वाजवून राहिलीस."

तिला रडू आलं, पण ती भांडली नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. घरी आल्यावर ती त्या एका वाजवण्यातच पाठ झालेलं गाणं रोज वाजवू लागली. तो लठ्ठ माणूस कुठं अडखळतो, टोपी कुठं हाताला लागता लागता निसटते, ते ती सुरांत शोधत राहिली. पुढं निजामी राज्यात दंगेधोपे वाढले, रस्ते बंद झाले, घरोघर भीती शिरली. दारं लावून, हळू फुंकून तिनं सराव चालू ठेवला.

पोलीस ॲक्शननंतर, दिवाळी झाल्यावर गाड्या चालू झाल्या. अमीरबी तिसऱ्यांदा बाळापूरला गेली. ह्या वेळी कागदाकडं न बघताच तिनं सुरुवात केली. टोपी पहिल्यांदा निसटली तिथं किसनसिंगची मान हलली. दुसऱ्यांदा निसटली तेव्हा तो बोळक्या तोंडानं हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. त्याची सून चतुराबाई पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तीही हसत उभी राहिली.

"घेऊन जा, बेटी," डोळे पुसत तो म्हणाला. "पन त्याच्या आधी आजून एकदा वाजव."

तिनं वाजवलं. कागद घेऊन ती हिंगोलीला आली. पुढं किसनसिंग होता तोवर बाळापूरच्या बाजारच्या गाडीनं ती अधूनमधून जायची आणि त्याला ते गाणं ऐकवून यायची.