सोनेरी मदरबोर्ड

सासऱ्यांच्या कारखान्यातला कॉम्प्युटर मी गणपतीला रंग मारायच्या गनने साफ केला. गनमध्ये रंग होता.

पेणच्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही, तो एवढ्यावरच हसायला लागतो. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नुसतं ‘कारखाना’ म्हटलं की तो गणपतीचा. दुसरं काही असेल तर त्याला आम्ही ‘कंपनी’ म्हणतो, आणि ती डोलवीला तरी असते नाहीतर रोह्याला. कारखान्यात मूर्ती वाळली, घासून गुळगुळीत झाली की तिच्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने रंग मारतात. नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी गन, गनच्या डोक्यावर रंगाची वाटी. वाटी रिकामी दिसली तरी गनच्या पोटात रंग उरलेला असतो. हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक आहे. मी तर त्या घरचा जावई, वर पेणमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी घाईत होतो, आणि माझ्या घाईचं कारण रोह्याला राहत होतं.

रोह्याला माझा साडू राहतो. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं बघतो. वयाने माझ्याहून लहान, डोक्यावर केस माझ्याहून जास्त, बोलणं हळू. मला ‘दादा’ म्हणतो. त्याच्यात वाईट असं मला अजून काही सापडलेलं नाही. शोधायचं मी सोडलेलंही नाही.

तो आमच्या घरात यायच्या आधी सासऱ्यांचं काहीही बंद पडलं की फोन मला यायचा. कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाइल, एकदा तर मिक्सर. तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. मग धाकटीचं लग्न झालं आणि एका दुपारी मी कारखान्यात गेलो, तर सासरे पडद्यासमोर हाताची घडी घालून बसलेले. माउस टेबलावर निपचित, आणि पडद्यावरचा बाण मात्र आपला आपण फिरतोय. फाइली उघडतोय, बंद करतोय.

“बघा,” सासरे हळूच म्हणाले, देवळात बोलतात तसं. “रोह्यात बसून हलवतोय.”

मी म्हटलं, त्यात काय, ते सगळ्यांनाच येतं.

“मग तुम्ही का नाय केलं कधी?”

आता माझं दुकान कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. इतक्या जवळच्या माणसाने लांबून माउस हलवायचं कारणच काय? पण हे सासऱ्यांना पटवता येईना. चपला घालून, उन्हातून, स्वतः चालत येणारा जावई त्या दिवसापासून स्वस्त झाला. पुढे पुढे मला फोन यायचा तो रोह्याचा लागला नाही तर. सासरे ते लपवतही नसत. “ते शिफ्टला हायत, म्हणून तुम्हाला लावला,” असं फोनच्या सुरुवातीलाच सांगून टाकत.

त्या काळात माझ्या वाट्याला कौतुक आलं ते एकदाच. हंगाम नुकताच चढत होता. कॉम्प्युटरशेजारचा यूपीएस, म्हणजे लाइट गेली किंवा खालीवर झाली तर कॉम्प्युटरला सांभाळणारी बॅटरीची पेटी, ती दिवसभर मधूनमधून पीं पीं करायला लागली. सासरे वैतागले. रोह्याचा फोन लागेना. मी गेलो, सकाळची वेळ, पेटी गप्प होती. मी ती एका हाताने हलवून बघितली, मान डोलावली आणि म्हटलं, बॅटरी संपलीय. पेटी काढली, कॉम्प्युटर सरळ भिंतीवरच्या बोर्डात लावला. पीं पीं कायमची बंद.

“झ्याक,” सासरे म्हणाले.

घरी जाताना तो शब्द मी बायकोला दोनदा सांगितला.

त्याच दिवसांत पेणजवळच्या जिते गावात सासऱ्यांचा नवा कारखाना उभा राहत होता. मोठी शेड, ऑफिस, कॅमेरे, दोन कॉम्प्युटर, मूर्तींचे फोटो परदेशातल्या गिऱ्हाइकांना थेट दाखवायची सोय. ते सगळं बसवायचं आणि सांभाळायचं काम घरातच द्यायचं हे ठरलेलं होतं. घरातल्या कोणाला, हे ठरायचं होतं. मला ते काम हवं होतं. खरं सांगायचं तर काम कमी आणि सासऱ्यांच्या फोनमधली ती पहिली जागा जास्त हवी होती.

आणि नेमका तेव्हाच जुन्या कारखान्यातला कॉम्प्युटर बंद पडायला लागला. चालू असताना मध्येच काळाठिक्कर, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यात यंदाच्या सगळ्या मूर्तींचे फोटो, कोणाचा शेला हिरवा, कोणाचा जांभळा, कोणाला उंदीर डावीकडे हवा. सासरे गिऱ्हाइकाला फोनवर म्हणायचे, “थांबा, बघून सांगतो,” आणि पडदा विझायचा.

मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कारखान्यात जाऊ लागलो. रॅम काढून खोडरबरने घासली. वायरी बदलल्या. फोटो बाजूला काढून विंडोज नव्याने टाकली. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर माझ्यासमोर शहाण्या मुलासारखा चालायचा, मी दुकानात जायचो, आणि जेवणाच्या आधी बायकोचा निरोप यायचा, बाबा म्हणतायत परत गेला.

“तुम्ही असलात की चालतो, पाठ वळली की झोपतो,” सासरे म्हणाले. “तुम्हाला घाबरतो की काय?”

साडूने लांबून माउस हलवून बघितला, पण मध्येच कॉम्प्युटरच विझायचा आणि त्याचा बाण अधांतरी. मला त्यात बरं वाटलं. मग त्याने फोनवर सांगितलं, “रविवारी येतो, समोर बसून बघतो.” झालं. सासूबाईंनी कोळणीला सुरमई सांगून ठेवली. मी रोज येतो, समोरच बसून बघतो. माझ्यासाठी कोणी साधा बोंबील सांगितला नव्हता.

शनिवारी दुपारी मला कारण सापडलं. धूळ. आमच्या भागात कॉम्प्युटर उघडला की आधी त्याचं गाव कळतं. धरमतरच्या खाडीकाठचा असेल तर आत खाऱ्या हवेचा गंज, कारखान्यातला असेल तर पीठ सांडावं तशी प्लास्टरची पूड. पंख्यात पूड, म्हणून गरम, म्हणून बंद. रविवारच्या आत साफ केला की साडू येणार, सुरमई खाणार आणि हात हलवत परत जाणार. माझा ब्लोअर दुकानात होता. दुकान हाकेच्या अंतरावर, हे मी वर सांगितलंच आहे. पण रंगारी जेवायला बसले होते, गन समोर लटकत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर साडूचं तोंड. मी वाटी काढून बघितली. रिकामी. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडून गन आत घातली आणि घोडा दाबला.

पूड उडाली ती बघण्यासारखी. मी अजून थोडं दाबून धरलं. धूळ खाली बसली तेव्हा आतला मदरबोर्ड सोनेरी झालेला होता. त्या सकाळी मुकुट रंगवत होते.

शहाण्या माणसाने तिथे थांबावं. मी रुमालाने पुसला, त्यामुळे तो सगळीकडे सारखा लागला असं मला वाटलं, आणि बघू तर खरं म्हणून बटण दाबलं. आत ‘टक्’ झालं. इस्त्रीने कपडे जळल्यावर येतो तसा वास आला. मी झाकण लावलं, स्क्रू घट्ट आवळले आणि घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

ती भाकरी थापत होती. “रोह्यावरचा राग रोह्यावर काढा की,” म्हणाली. “कॉम्प्युटरने काय केलं होतं तुमचं?”

“राग कसला? मी साफ करत होतो.”

“हो. आता झाला साफ.”

रविवारी साडू मेमू गाडीने आला. एका खांद्याला बॅग, दुसऱ्या हातात स्वतःचा जुना कॅबिनेट, लागला तर असावा म्हणून. म्हणजे माझ्या मूर्खपणाचीही त्याने आधीच तयारी ठेवलेली. बॅगेतून त्याने एक चपटी डबी काढली. आत कंपासपेटीसारखे ओळीने बसवलेले स्क्रू-ड्रायव्हर, प्रत्येकाला चुंबक. माझ्याकडे एकच आहे, त्याची मूठ मी इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली आहे, आणि त्यानेच मी रंगाचे डबेही उघडतो. सासरे त्या डबीकडे असे बघत होते, जसे लोक आमच्या मूर्तींकडे बघतात.

त्याने कॅबिनेट उघडला. आत डोकावून बराच वेळ बघितलं. सासरे पलीकडे होते, त्यांना दिसत नव्हतं. मी म्हटलं आता हा हसणार, आणि त्याच्यात वाईट असं मला एकदाचं काहीतरी सापडणार.

तो हसला नाही. हळूच म्हणाला, “दादा, तुम्ही साफ केलंत वाटतं.”

मी म्हटलं, हो, वरवर.

एवढंच. आतली हार्ड डिस्क काढून त्याने आपल्या कॅबिनेटमध्ये घातली. यंदाचे सगळे गणपती उंदरांसकट पडद्यावर आले. सासऱ्यांनी हात जोडले, गणपतींना की साडूला ते मला तिथून नीट दिसलं नाही. जेवायला बसल्यावर सासूबाईंनी त्याच्या पानात सुरमईचा मधला तुकडा आणि तळलेला पोह्याचा पापड वाढला. माझा पापड भाजलेला. “तुम्हाला खोकला ना,” म्हणाल्या. मला खोकला गेल्या गणपतीच्या आधीच्या गणपतीला झाला होता.

जेवण झाल्यावर साडू कॉम्प्युटरसमोर चहा घेऊन बसला. काहीच करेना. नुसता बसला. मी सासऱ्यांकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघा, तुमचा हुशार. एवढ्यात रंगारी जेवून उठले, कोणीतरी कॉम्प्रेसर चालू केला, तो घरघरला, वरचा बल्ब क्षणभर लाल झाला आणि साडूचा कॉम्प्युटर विझला.

इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल. म्हणजे दोष माझ्या हातात नव्हता, त्याचाही कॉम्प्युटर पडतो, तोही माझ्यासारखाच. मी मोठ्याने म्हणालो, “बघा. तुमचा पण गेला.”

“गेला,” साडू म्हणाला. तो पडद्याकडे बघतच नव्हता. बल्बकडे, मग कॉम्प्रेसरकडे आणि मग भिंतीवरच्या बोर्डाकडे बघत होता. कॉम्प्रेसर आणि कॉम्प्युटर, दोन्हींच्या पिना त्याच बोर्डात होत्या. “कॉम्प्रेसर सुरू होताना जोर खेचतो. लाइट पडते, म्हणून हा विझतो. सकाळी रंगकाम सुरू व्हायच्या आधी चालत असेल.” मग त्याने टेबलाखाली हात घालून चाचपलं. “बाबा, इथे यूपीएस होता ना?”

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातल्या मावशीकडे बघितलं, कारण यूपीएस तिच्याकडे होता. ही मावशी आखणीवाली, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणारी. डोळे आखताना लहान मूर्ती उंचीवर लागते, म्हणून मी ती पेटी तिला मूर्तीखालचा पाट म्हणून देऊन टाकली होती. या क्षणी तिच्यावर एक बालगणपती बसला होता, एक डोळा झालेला, एक व्हायचा.

“ती पेटी दे गो जरा,” सासरे म्हणाले.

मावशीने गणपती उचलून मांडीवर घेतला. “न्या. जावयांनीच दिली होती. म्हणाले, मेलीय.”

साडूने पेटी लावली. कॉम्प्रेसर चालू करायला सांगितला. बल्ब लाल झाला, पेटी ओरडली पीं पीं, आणि कॉम्प्युटर जागचा हलला नाही. बॅटरी ठणठणीत होती. बिचारी पेटी पहिल्यापासून लाइट पडतेय हेच सांगत होती, आणि तिचं तोंड बंद केल्याबद्दल मला ‘झ्याक’ मिळालं होतं. ते आता सासऱ्यांना आठवलं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. दिलेला शब्द परत घेता आला असता तर त्यांनी तिथेच घेतला असता.

“मग जुन्याला काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

साडू म्हणाला, “जुना झाला होता, बाबा.”

हे मात्र मला सहन झालं नाही. सगळं याचंच, वर मोठेपणाही याचाच. मी पुढे झालो, जुन्या कॅबिनेटचं झाकण काढलं आणि मदरबोर्ड उपसून सासऱ्यांच्या हातात ठेवला. “मी केलं,” म्हटलं. “गनने.” उन्हाची तिरीप आली होती, त्यात तो असा झळकला की कारखान्यातले सगळे हातातलं काम टाकून बघायला आले.

सासऱ्यांनी तो उलटसुलट केला. मग साडूला म्हणाले, “जित्याचं तुम्हीच बघा. रोह्याहून गाडी जित्याला थांबते, बरं पडेल.” साडू “दादांना बरोबर घेतो” असं काहीतरी पुटपुटला. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

“आणि मी काय करू?” मी विचारलं.

सासऱ्यांना माझी दया आली असावी. ते माणूस म्हणून चांगलेच आहेत. त्यांनी मदरबोर्ड मावशीपुढे धरला. “बघ गो, जावयांनी मारलाय. हंगामापुरते रंगाला घेतेस का ह्यांना?”

मावशीने कुंचला कानावर खोचला, बोर्ड जवळ घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि परत दिला.

“नको,” ती म्हणाली. “हात जड हाय ह्यांचा.”