काविळीचा आलेख

मी यवतमाळच्या कॉलेजात गणित शिकवते. विषाणू शरीरात किती वेगाने वाढतो, यंत्राने रक्त गाळलं तर काय काय कमी होतं, याची समीकरणं मांडणं हा माझा संशोधनाचा विषय. घरात तो कोणाला कळत नव्हता आणि मला ते बरंच वाटायचं.

मग कळंबजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाला कावीळ झाली. आईने त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली. ओल्या काड्यांची ही माळ वाळता वाळता लांबते आणि ती खाली आली की कावीळ उतरली असं मानतात. माळ पोटापर्यंत आली तोवर भाऊ भलतंसलतं बोलायला लागला होता. ती कोणाच्याही गळ्यात लांबते, असं म्हणत मी आईवर एवढी डाफरले की तिने बोलणंच टाकलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, विषाणूने यकृत जवळपास बंद पाडलंय. यंत्राने रक्तातलं विष काढत राहू, तेवढ्यात यकृत कामाला लागलं तर वाचेल. रक्त गाळून झालं की रिपोर्ट यायचा, काविळीचा आकडा चांगलाच खाली आलेला असायचा. भरतीच्या दिवशीच्या आकड्यापुढे हे आकडे मांडून मी आलेख काढला. रेघ उतरत होती. आईला मीच फोन केला, "उतरून राह्यली."

दुसऱ्या दिवशी रक्त गाळायच्या आधीचा रिपोर्ट हातात पडला. आकडा भरतीच्या वेळी होता तिथेच परत चढला होता. पहिला सोडला तर मी फक्त गाळल्यानंतरचे आकडे मांडत होते. ते कोणाचेही उतरले असते. त्यातून यंत्र चालतंय एवढंच कळत होतं, यकृताचं काहीच नाही. आईच्या माळेपेक्षा माझा आलेख जराही शहाणा नव्हता.

भाऊ त्या दिवशी शुद्धीवर होता. डोळे पिवळेजर्द.

"ताई, तुह्या गणितात माणूस मरते का वं?"

खोटं बोलायला हवं होतं, सुचलं नाही. "कधी कधी मरते."

"मंग तू काय करतं?"

"एखादा आकडा बदलवा लागते. मंग पुन्हा पहिल्यापासून सुरू."

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"मंग माहाही बदलव ना."

नर्स यंत्राच्या नळ्या जोडायला आली. मी बाजूला सरकले आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.